वाचकांचे प्रश्न : फ्रेमवर्क कुठलं घेऊ?

या महिन्याच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आलाय, वेबवर चालणारं काहीतरी करायचंय तर फ्रेमवर्क कुठलं घेऊ. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की लॉगिन, फॉर्म, डेटाबेसमध्ये नोंद टाकणं-काढणं ही कामं जवळपास प्रत्येक साइटला लागतात, ती कोणीतरी आधीच नीट लिहून ठेवलेली असतात आणि आपण आपलं काम त्यात बसवायचं असतं, त्या तयार सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. पाच पत्रं घेतलीत, काही थोडी कापलीत.

ताई, आमचा चौघांचा ग्रुप आहे, फायनल इयरला हॉस्टेलच्या मेसचं सॉफ्टवेअर करतोय. उद्या कोण जेवणार कोण नाही ते आदल्या रात्री मोबाइलवरून कळवायचं आणि महिनाअखेर बिल निघायला पाहिजे. दोघांना पायथन बऱ्यापैकी येतं, एकीला जावा, आणि चौथा म्हणतो मर्न स्टॅकच (मोंगो डीबी हा डेटाबेस, एक्सप्रेस, रिॲक्ट आणि नोड, सगळं जावास्क्रिप्टमधलं) करू कारण प्लेसमेंटला तेच विचारतात. गाईड सर म्हणाले काहीही घ्या पण का घेतलं ते सांगता आलं पाहिजे. पंधरा दिवस नुसता वाद चाललाय. (विद्यार्थी, सांगली)

जँगो घ्या, ते पायथनमधलं फ्रेमवर्क आहे. पंधरा दिवस वादात गेलेत म्हणून उत्तर आधी देऊन टाकते, आता कारणं सांगते, सरांना तीच सांगता येतील.

तुमच्या कामात काय काय आहे ते आधी कागदावर मांड. विद्यार्थी, खोली, तारीख, सकाळचं-रात्रीचं जेवण, सुट्टी, ताटाचा दर, बिल, भरलेले पैसे. हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, एका मुलाच्या महिन्याभराच्या नोंदी एका बिलात येणार, मधेच दर बदलला तर जुनी बिलं होती तशीच राहिली पाहिजेत, कोणी पैसे भरले तर ते दोनदा जमा व्हायला नकोत. असल्या कामाला साधा टेबलांचा डेटाबेसच बरा, पोस्टग्रेस किंवा सुरुवातीला एसक्यूलाइट, आणि जँगोत ही टेबलं पायथनच्या क्लासमध्ये लिहिली की मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसमध्ये ती टेबलं उभी करणारी फाइल, तोच बनवून देतो. पण माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा ॲडमिनचा आहे. मेसचे काका किंवा हॉस्टेल ऑफिसमधले क्लार्क नवीन मुलं टाकणार, दर बदलणार, चुकलेली नोंद दुरुस्त करणार, त्यांच्यासाठी ज्या स्क्रीन लागतात त्या मॉडेल (टेबलाचा तो पायथनचा क्लास) रजिस्टर केलं की जवळजवळ तयार मिळतात, शोध, फिल्टर, कोणाला काय बदलता येईल याची परवानगी, सगळं धरून. प्रोजेक्ट करणारी मुलं विद्यार्थ्याची स्क्रीन छान करतात आणि ऑफिसच्या माणसाची विसरतात, मग सबमिशनच्या आदल्या आठवड्यात धावपळ होते.

हे ॲडमिन त्यात कुठून आलं ते ऐक, व्हायवाला सांगता येईल. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी 2003 मध्ये हे काम सुरू केलं. बातमीच्या घाईत साइटचा नवा भाग उभा करायचा आणि पुढची माहिती मात्र संपादक-वार्ताहरांनी स्वतः भरायची, ती माणसं काही प्रोग्रॅमर नव्हेत, त्यामुळे माहिती भरायची सोय पहिल्यापासून आत होती. जुलै 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. तुमच्या मेसची गरज त्या ऑफिसच्या गरजेसारखीच आहे, थोड्या प्रोग्रॅमरनी बनवायचं आणि दुसऱ्या कोणीतरी रोज वापरायचं.

आता मर्नबद्दल, कारण तुमचा चौथा भिडू अगदीच चुकीचं बोलत नाहीये, नोकरीच्या जाहिरातींत रिॲक्ट आणि नोड खूप दिसतं हे खरंय. पण त्यातला एक्सप्रेस जो आहे, 2010 पासूनचा, तो मुद्दाम लहान ठेवलेला आहे, कुठला पत्ता आला की कुठलं फंक्शन चालवायचं एवढंच तो बघतो, मग लॉगिन कशाने करायचं, पासवर्ड कसा साठवायचा, फॉर्ममधली माहिती कशी तपासायची, फोल्डर कसे लावायचे, हे सगळं तुम्हीच ठरवायचं आणि प्रत्येकासाठी वेगळं पॅकेज शोधायचं. अनुभवी टीमला हे मोकळेपण आवडतं, कारण त्यांना काय पाहिजे ते माहीत असतं. तुमच्याकडे एक सेमिस्टर आहे. शिवाय रिॲक्ट ही फक्त पडद्यावरची बाजू सांभाळणारी लायब्ररी, ती घेतली की तुमचे दोन प्रोजेक्ट होतात, एक मागचा एक पुढचा, आणि मधे त्या दोघांना जोडणारा एपीआय, आणि ज्या पानावर एक टिक करून बटण दाबायचं आहे त्या पानासाठी एवढं उभं करायची गरज नाही, जँगोच्या साध्या टेम्प्लेटमधलं पान मोबाइलवर व्यवस्थित चालतं. मोंगो डीबीत बिलाचं काम होत नाही असं मी म्हणणार नाही, पण वर लिहिलेली नाती बघ आणि सांग की त्याची गरज कुठे आहे.

त्या मित्राला एक काम द्या, सगळं चालू झाल्यावर मेस सेक्रेटरीसाठी महिन्याच्या खर्चाचा एक डॅशबोर्ड रिॲक्टमध्ये करायचा, जँगोकडून जेसन (माहिती पाठवायचा एक ठरलेला साचा) घ्यायचं आणि दाखवायचं. त्याच्या रेझ्युमेवर रिॲक्ट खरं खरं येईल. आणि जिला जावा येतं तिला टेबलांची रचना आणि बिलाचे नियम द्या, ते डोकं भाषेवर अवलंबून नसतं. जावातलं स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क चांगलंच आहे, पण चौघांपैकी एकीलाच येत असेल तर बाकी तिघं तिच्याकडे बघत बसणार आणि सगळा भार तिच्यावर पडणार, हे तिच्यावर अन्याय करणारं आहे.

तुमच्याच कामात लागतील अशा तीन गोष्टी सांगून ठेवते. पहिली, नवीन प्रोजेक्ट बनवला की सेटिंग्जमध्ये टाइम झोन यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असतो, तो आशिया/कोलकाता करा आणि आजची तारीख कोडमध्ये जँगोच्या लोकल तारखेच्या फंक्शननेच घ्या. नाहीतर आपल्या रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या हिशोबाने आदलाच दिवस चालू असतो आणि साडेबाराला केलेली नोंद भलत्या तारखेला पडते, आणि हॉस्टेलमध्ये साडेबाराला सगळे जागेच असतात. दुसरी, पैशासाठी फ्लोट वापरू नका, डेसिमल फील्ड वापरा, फ्लोटमध्ये पैशांचा बारीक फरक साचत जातो आणि महिनाअखेर बेरीज जुळत नाही. तिसरी, यादी दाखवताना प्रत्येक मुलाच्या खोलीसाठी वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) जाते का बघा, दोनशे मुलांच्या यादीला दोनशे एक क्वेऱ्या जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही, तिथे सिलेक्ट रिलेटेड लावलं की एका क्वेरीत काम होतं. जँगो डीबग टूलबार टाका, त्यात हे डोळ्यांनी दिसतं.

व्हर्जन 5.2 घ्या, ते एप्रिल 2025 चं दीर्घ मुदतीचं व्हर्जन आहे आणि त्याला एप्रिल 2028 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, म्हणजे तुम्ही पास होऊन गेल्यावर ज्युनिअर मुलांनी चालवलं तरी त्यांना लगेच धावाधाव नको. जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर शेवटच्या भागात हेरोकूवर (साइट चालवून देणारी सेवा) फुकट टाका असं असतं, ती फुकट सोय नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाली, तिथे अडकून बसू नका, आत्ता कुठे सोय आहे ते आधीच बघून ठेवा.

सगळ्यात फास्ट फ्रेमवर्क कुठलं? आमच्या क्लासच्या साइटवर पुढे वीस हजार विद्यार्थी होतील असा अंदाज आहे, तेव्हा अडचण यायला नको. (ठाणे)

वीस हजार विद्यार्थी म्हणजे एका क्षणी वीस हजार जण नाहीत हो. त्यातले काही शे एका वेळी साइटवर असतील, रिझल्टच्या दिवशी जास्त, आणि एवढं काम कुठलंही नावाजलेलं फ्रेमवर्क एका साध्या सर्व्हरवर करतं. इन्स्टाग्राम जँगोवर वाढलं, गिटहब आणि शॉपिफाय रेल्सवर (रूबी भाषेतलं फ्रेमवर्क), विकिपीडिया पीएचपी या भाषेवर चालतो. साइट हळू असते तेव्हा पहिला संशय डेटाबेसवर घ्यावा, वरच्या उत्तरातल्या दोनशे एक क्वेऱ्या, किंवा ज्या कॉलमवर शोध होतो त्याला इंडेक्सच (पटकन सापडावं म्हणून ठेवलेली सूची) नाही, आणि त्यानंतर चार-चार एमबीचे फोटो. रिझल्टचं पान थोडा वेळ कॅशमध्ये, म्हणजे एकदा बनवून तयार, ठेवलं तरी त्या दिवसाचा मोठा भार उतरतो. स्पीडच्या तक्त्यांत जे आकडे असतात ते बहुतेक अगदी छोट्या उत्तराचे असतात, तुमच्या पानाला त्यातून काही कळत नाही. तुमच्या डेव्हलपरला जे नीट येतं ते घ्या.

मी एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. पस्तीस हजार पुस्तकं, काही नोंदी रजिस्टरमध्ये, काही एक्सेलमध्ये, त्यातल्या बऱ्याच श्रीलिपीत टाइप केलेल्या. पुस्तक आहे का, आणि बाहेर गेलंय का, एवढं वाचकांना घरून बघता यावं अशी इच्छा आहे. भाची पुण्यात प्रोग्रॅमर आहे, ती सुट्टीच्या दिवशी करून देईन म्हणते. तिला पीएचपी येतं पण सगळे जँगो घ्या म्हणतात. (सातारा जिल्हा)

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, अशी इच्छा धरणारी माणसं वाचनालयात आहेत म्हणून ती टिकलीत.

पहिलं म्हणजे नवीन बनवायच्या आधी दोन तयार गोष्टी बघा. एक कोहा, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी ते बनलं, 2000 सालच्या सुरुवातीला सुरू झालं, मुक्त सॉफ्टवेअर आहे, लायसन्सचे पैसे लागत नाहीत आणि जगभर ग्रंथालयं वापरतात. दुसरं आपल्या केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेचं ई-ग्रंथालय. देवघेव, सभासद, वर्गणी हे सगळंच संगणकावर आणायचं असेल तर यातलं एक घ्या, भाचीला ते बसवायला मदत करायला सांगा, कारण देवघेवीचे बारीक नियम नव्याने लिहिणं हे सुट्टीच्या दिवशी उरकणारं काम नव्हे. पण कोहाला स्वतःचा सर्व्हर आणि तो बघणारा माणूस लागतो. तुम्हाला खरोखर फक्त शोधता येणारी यादीच हवी असेल तर स्वतः बनवणं परवडतं.

आणि तसं असेल तर लॅराव्हेल घ्या. सगळे जँगो म्हणतात, मीही वर सांगलीच्या मुलांना जँगोच सांगितलंय, पण इथे काम कोण करणार आणि पुढे कोण बघणार ते महत्त्वाचं, आणि भाचीला पीएचपी येतं. लॅराव्हेल 2011 पासून आहे, टेलर ओटवेल यांनी सुरू केलं, आणि पीएचपीतलं काम शिस्तीत करायला लावतं. जँगोसारखं ॲडमिन त्यात आपोआप येत नाही, त्यासाठी फिलामेंट नावाचं फुकट पॅकेज आहे, ते जोडलं की नोंदी भरायच्या स्क्रीन मिळतात. दुसरा फायदा व्यवहाराचा, पीएचपी चालवणारं साधं शेअर्ड होस्टिंग स्वस्तात मिळतं आणि जिल्ह्याच्या गावीसुद्धा पीएचपी येणारा कोणीतरी सापडतो. भाचीचं लग्न झालं, परदेशी गेली, नोकरीत अडकली, तरी वाचनालयाचं काम थांबायला नको.

आता जे भाचीला दाखवाच असं लिहितेय ते मराठीबद्दल आहे, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या प्रोजेक्टमधलं खरं अवघड काम इथे आहे. श्रीलिपीतला मजकूर युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नाहीये, तो फॉन्ट काढला की नुसती भलतीच अक्षरं राहतात, म्हणून आधी सगळं युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा आणि कन्व्हर्ट झाल्यावर माणसाने डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास बिघडतात. मग शोधाचा प्रश्न येतो. ॲ हे अक्षर तीन तऱ्हांनी टाइप होतं, एक स्वतंत्र ॲ, एक अ ला वर चंद्र जोडून, आणि एक हिंदी कीबोर्डवरचा ऍ, तिन्ही दिसायला सारखे किंवा जवळचे पण संगणकाला तीन वेगळे शब्द. दऱ्या या शब्दातला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिला जातो, त्यातल्या एकात न दिसणारं एक चिन्ह असतं. आणि वाचक ऱ्हस्व-दीर्घ कसंही टाइप करणार, तो त्यांचा दोष नाही, मोबाइलवर घाईत कोणीही करतं. म्हणून नावाच्या मूळ कॉलमशेजारी शोधासाठी वेगळा कॉलम ठेवा, त्यात सगळे ॲ एकसारखे केलेले, न दिसणारी चिन्हं काढलेली, ई-ची इ आणि ऊ-चा उ करून टाकलेला, मात्रांचंही तसंच, आणि अन्त-अंत एकच मानलेलं. वाचकाने टाइप केलेल्या शब्दालाही तेच संस्कार करून मग शोधायचं. पडद्यावर मात्र मूळ शुद्ध नावच दाखवायचं.

यादी अकारविल्हे लावायची तर तिथेही बघावं लागतं, युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, क्ष आणि ज्ञ त्याच्यापुढे. पीएचपीच्या इंटल एक्सटेन्शनमध्ये कोलेटर (वर्णक्रम लावून देणारी सोय) आहे, त्याला मराठी सांगितलं की प्रत्येक नावाची क्रमासाठीची किल्ली काढून देतो, ती नोंद भरतानाच एका कॉलममध्ये साठवा आणि त्यावर यादी लावा, पस्तीस हजार नोंदींना काही वेळ लागत नाही. तुमच्या जुन्या छापील यादीत क्ष कुठे येतो तेवढं आधी बघून घ्या, वाचकांना त्याची सवय असते. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर कॅरेक्टर सेट यूटीएफएट एमबी4 ठेवा.

पुस्तकाच्या पानाच्या पत्त्यात पुस्तकाचं नाव घालू नका, दाखल क्रमांक घाला. याबाबतीत मला राग येतो म्हणून मुद्दाम लिहिते, जँगोसारख्या इतक्या जुन्या आणि चांगल्या फ्रेमवर्कमध्येसुद्धा नावावरून पत्ता बनवणारं जे फंक्शन आहे ते साधं वापरलं तर देवनागरी सगळीच गाळून टाकतं, आणि युनिकोड चालू द्या असं सांगितलं तरी काना-मात्रा-वेलांट्या काढून टाकतं, पुणेचं पण होतं आणि किल्लाचं कलल. कारण असं की पायथनच्या तपासणीत मात्रा ही अक्षर म्हणून धरलीच जात नाही. कोट्यवधी लोक ज्या लिपीत लिहितात तिची ही गत आहे, आणि ती बदलायची तर आपल्यातल्याच प्रोग्रॅमरनी तिथे जाऊन चूक दाखवली पाहिजे, दुरुस्ती लिहून दिली पाहिजे. ही फ्रेमवर्क सगळ्यांची आहेत, आपलीही आहेत.

शेवटी सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते या साइटवर आणू नका. पुस्तक बाहेर आहे एवढं दाखवा, कोणाकडे आहे ते दाखवायची गरज नाही. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, आणि कायदा नसता तरी कोण काय वाचतं ते वाचनालयाने जपायची गोष्ट आहे.

मी एआयकडून कोड लिहून घेतो. काहीही सांगितलं तरी तो बहुतेक वेळा नेक्स्ट जेएसच (रिॲक्टवर बांधलेलं फ्रेमवर्क) घेतो. मग फ्रेमवर्क निवडायची आता गरज काय? (नागपूर)

गरज वाढली उलट. इंटरनेटवर ज्याच्याबद्दल जास्त लिहिलं गेलंय ते एआयला जास्त येतं आणि तो तेच पुढे करतो, तुमचं काम काय आहे, होस्टिंग कुठलं आहे, दोन वर्षांनी कोण बघणार आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नाही. आता नेक्स्टचंच घ्या, ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचं 13 वं व्हर्जन आलं आणि त्यात पानं लिहायची नवी पद्धत आली, जुनीही चालूच राहिली, त्यामुळे इंटरनेटवर दोन्ही पद्धतींचे धडे एकत्र पडलेत आणि एआय कधी कधी एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही मिसळून देतो. तुम्हाला नेक्स्ट येत असेल तर पाच मिनिटांत पकडाल, येत नसेल तर तुम्ही त्यालाच पुन्हा विचारणार, तो आणखी काहीतरी जोडणार, आणि कोड फुगत जाणार. ज्या फ्रेमवर्कमध्ये एक काम करायची एकच ठरलेली पद्धत आहे आणि ती वर्षानुवर्षं फारशी बदललेली नाही, रेल्स, जँगो, लॅराव्हेल यांसारखं, तिथे एआयचा कोड तपासायला सोपा जातो, कुठली गोष्ट कुठे असायला पाहिजे ते ठरलेलं असतं.

आणि पॅकेजची नावं डोळे मिटून इन्स्टॉल करू नका. एआय कधी कधी नसलेल्याच पॅकेजचं नाव सांगतो आणि त्या नावाने कोणी मुद्दाम वाईट पॅकेज टाकून ठेवू शकतो. खरं पॅकेज असलं तरी जेवढी जास्त जोडाल तेवढं दुसऱ्यांवर अवलंबून राहाल. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक पॅकेज लिहिणाऱ्याने काढून घेतलं आणि जगभरात असंख्य प्रोजेक्ट तयार होईनात, कारण ते दुसऱ्या पॅकेजांच्या पोटात होतं आणि बऱ्याच जणांना आपण ते वापरतो हेच माहीत नव्हतं. फ्रेमवर्कमध्ये जे आतच आहे ते वापरा, मग बाहेरचं.

आमची फाउंड्री आहे. 2016 मध्ये ऑर्डर, हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू), रिजेक्शन, डिस्पॅच या सगळ्याचं सॉफ्टवेअर करून घेतलं. स्क्रीन अँग्युलर जेएसमध्ये आहेत, मागे जावा. ज्यांनी केलं ते आता या धंद्यात नाहीत. नवीन ठेवलेला मुलगा म्हणतो सगळं काढून रिॲक्ट आणि नोडमध्ये नव्याने लिहू, आठ महिने लागतील. द्यावं का करायला? (कोल्हापूर)

सगळं काढून नव्याने, हे नको. पण तो मुलगा उगाच बोलत नाहीये, अर्धी गोष्ट त्याची बरोबर आहे, तेवढी आधी सांगते.

अँग्युलर जेएस गूगलने 2010 मध्ये आणलं आणि काही वर्षं खूप चाललं. सप्टेंबर 2016 मध्ये, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर झालं त्याच साली, अँग्युलर 2 आलं आणि ते नावापुरतंच तेच होतं, आतून सगळं नवीन, जुन्या स्क्रीन त्यात तशाच्या तशा जात नव्हत्या. जुन्याची देखभाल 31 डिसेंबर 2021 ला संपली. म्हणजे त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर आता गूगलकडून दुरुस्ती येणार नाही. यात तुम्हाला करून देणाऱ्यांनी काही वावगं केलं असं मला वाटत नाही, त्या वेळी ते चालतं-बोलतं फ्रेमवर्क होतं. पण आता स्क्रीन बदलाव्या लागतील हे नक्की.

मागची जावाची बाजू मात्र वेगळी आहे. जावा कुठे गेलेलं नाही, त्यातली व्हर्जनं वाढवून घेता येतात. आणि त्या कोडमध्ये तुमच्या फाउंड्रीचे इतक्या वर्षांचे नियम बसलेत, कुठल्या हीटचं कास्टिंग कुठल्या ऑर्डरला गेलं, रिजेक्शन कुठे धरायचं, वजनात किती फरक चालतो, कुठल्या गिऱ्हाइकाचं चलन कसं निघतं. यातलं निम्मं कुठेही लिहून ठेवलेलं नसणार, कोडमध्येच आहे. ते नोडमध्ये नव्याने लिहायला घेतलं की विसरलेला नियम तेव्हाच कळतो जेव्हा चुकीचा माल गाडीत चढतो. आठ महिने हा अंदाजही मला कमी वाटतो, आणि तेवढे दिवस जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एकही बदल होणार नाही असं धरलंय, ते कारखान्यात शक्य आहे का ते तुम्हीच ठरवा.

त्यापेक्षा एक-एक स्क्रीन बदला. मागचं जावा तसंच, लॉगिन तेच, पत्ता तोच, फक्त डिस्पॅचची स्क्रीन नवीन होईल आणि बाकीच्या जुन्याच चालतील, ती महिनाभर नीट चालली की पुढची. मधेच मुलगा सोडून गेला तरी तुमच्याकडे अर्धवट नवीन आणि बंद पडलेलं जुनं असं काही राहणार नाही. नवीन स्क्रीन रिॲक्टमध्ये करा, व्ह्यूमध्ये करा की आजच्या अँग्युलरमध्ये, तिन्हींत काम होईल. निवडताना एकच बघा, तुमच्या पंचक्रोशीत ते येणारी आणखी दोन-तीन माणसं मिळतात का. आणि तोपर्यंत हे सॉफ्टवेअर इंटरनेटवर सरळ उघडं असेल तर ते बंद करून फक्त कारखान्याच्या नेटवर्कवरून किंवा व्हीपीएनवरून चालू ठेवा, हे त्या मुलाला आधी सांगा, पहिल्याच आठवड्यात होण्यासारखं आहे.

फ्रेमवर्कच्याही आधी दुसरी चौकशी करा. सगळा सोर्स कोड तुमच्याकडे आहे का, आणि सर्व्हरवर जे चालू आहे ते त्याच कोडपासून बनतं का, एकदा मुलाकडून बनवून घेऊन बघा. डोमेन कोणाच्या नावावर आहे, सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे आहे. डेटाबेसचा बॅकअप रोज निघत असेल तर तो एका वेगळ्या मशीनवर टाकून सॉफ्टवेअर त्यावर चालतं का बघा, मागच्या महिन्याच्या डिस्पॅचचे आकडे तुमच्या वहीशी ताडून घ्या. ते जुळले की मग त्याला पहिल्या स्क्रीनला हात लावू द्या.